हातभर लांब धरलेली बत्ती

“पोरगी वाईट नाही हो,” सासूबाई म्हणाल्या, “पण घरात आहे की नाही तेच कळत नाही. त्या बत्तीचं बरं, बटण दाबलं की निदान लागते तरी.”

“बत्ती तरी कुठं कामाची आहे?” सासरे म्हणाले. “दोघी सारख्याच.”

भिंतीच्या अलीकडे, सामानाच्या खोलीत, नवी सून एका बत्तीची काच पुसत उभी होती. तिचा हात थांबला. त्या हातातली बत्ती म्हणजे मी.

एका दमात माझं कौतुकही झालं आणि अब्रूही गेली. मी इतकी गांगरले, की सुनेकडे बघायचं भानच राहिलं नाही. बघितलं तेव्हा ती पुन्हा काच पुसायला लागली होती. फक्त एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

मी पाण्याखाली लावायची बत्ती. अंगानं वीतभर, वजनानं एखाद्या लठ्ठ मांजराएवढी. माझा जन्म एका कारखान्यातला. तिथं मला जाड काच बसवली, पाणी आत येऊ नये म्हणून गळ्यात रबरी कडं घातलं, आणि एका लोखंडी पिंपात बुडवून माझा जीव घुसमटेल इतका दाब दिला. मी एक थेंबही आत घेतला नाही. “पास!” असं कुणीतरी ओरडलं. आयुष्यात मी तेवढी एकच परीक्षा दिली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मला वाटत होतं की मी हुशार आहे.

वाटायला कारणही होतं. माझी पहिली मालकीण समुद्रात कॅमेऱ्यानं माशांची चित्रं काढायची. तिथलं पाणी खिडकीच्या तावदानासारखं स्वच्छ. मी लागले की मासे सोन्याचे व्हायचे. “हिच्याशिवाय माझं पान हलत नाही,” असं ती लोकांना सांगायची. मग तिचे गुडघे दुखायला लागले आणि तिनं कॅमेऱ्यासकट मला विकून टाकलं. घेणारा या घरातला मुलगा. म्हणजे आता त्या सुनेचा नवरा.

या घरचा धंदा पाण्याखालचा. नदीवरच्या पुलाचे खांब, धरणाची दारं, बोटींची बुडं. जिथं कुणी जात नाही तिथं जाऊन बघून यायचं आणि लिहून द्यायचं. सासऱ्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. बायकोसुद्धा. रागावली की मात्र ‘अहो’.

पहिल्यांदा इथल्या नदीत उतरले तो दिवस आठवला की अजून माझी काच थंड पडते. मला कॅमेऱ्याच्या अगदी कानाला चिकटवून पट्टीनं आवळलं होतं. पाणी गढूळ, दुधाळ चहासारखं. मी मोठ्या ऐटीत लागले. वर नावेत छोटा पडदा होता, त्याकडे सगळे डोळे लावून बसलेले.

पडद्यावर नुसतं पांढरं.

“जरा मोठी कर,” मुलगा म्हणाला. मी पूर्ण जोर लावला. आणखी पांढरं झालं. दगड नाही, खांब नाही, समोर लोंबणारी दोरीसुद्धा नाही. जणू कुणी चुना फासलेली भिंत तोंडासमोर उभी केली होती. ज्या कामासाठी जन्म झाला तेच काम मला येत नाही, हे मला चारचौघांत कळलं.

उस्ताद हसले नाहीत, पण त्यांनी आपला तळहात मुलाच्या नाकासमोर धरला. “हा बघ माझा कॅमेरा. हाताला डोळे असतात.”

त्या दिवसापासून मी फळीवर. रंगाचे डबे, फाटके हातमोजे आणि मी. वीज गेली की आठवण व्हायची. पलंगाखाली गेलेलं बटण, माळ्यावर मेलेला उंदीर, असल्या शोधमोहिमांवर मला नेत. एका पावसाळ्यात तर दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवली होती. कधीकाळी सोन्याचे मासे करणारी मी!

मग चार महिन्यांपूर्वी घरात सून आली.

ती कमी बोलायची. म्हणजे ‘हो’, ‘नको’, ‘ठेवते’ आणि ‘बघते’, एवढ्या चार शब्दांत तिचा दिवस सुखानं पार पडायचा. पण तिचे डोळे स्वस्थ बसत नसत. कोण कुठल्या कपात चहा पितं, कोण खोटं बोलताना नाक चोळतं, हे तिला आठवड्यात पाठ झालं होतं. सामानाच्या खोलीत एकटी असली की ती मला हातात घ्यायची. माझ्या गळ्यातलं कडं काढून बघायची, पुसायची, तेलाचं बोट लावून परत बसवायची. कुणी विचारपूस करावी अशी सवय मला राहिली नव्हती. मी संकोचून जायचे.

लग्नाआधी ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. ते काम सासूबाईंना समजावून सांगण्याचा तिनं एकदाच प्रयत्न केला.

“टाकीत पाणी भरायचं, आई. त्यात दुधाचे थेंब टाकायचे. आणि मग पलीकडची वस्तू बघायची.”

सासूबाई विचारात पडल्या. “दिसायची?”

“आधी नाही दिसायची.”

“मग दूध टाकायचंच कशाला?”

यावर सून नुसती हसली. दुसऱ्या दिवसापासून नवरा तिला लाडानं ‘दूधवाली’ म्हणायला लागला.

ते भिंतीआडचं बोलणं झालं, त्याच दुपारी सगळे नावेतून तिसऱ्या खांबाकडे गेले. सुनेला सहज म्हणून नेलं होतं. मला तिनं पिशवीत घालून आणलं, न विचारता. खांब म्हणजे पुलाचा जुना दगडी खांब, नदीच्या मधोमध. दर वर्षी उस्ताद तो बघतात. गढूळ पाण्यात माणूस दोरी सोडून भटकला तर संपला, म्हणून खांबाच्या लोखंडी कडीला दोरी बांधायची, पाठीवर हवेची टाकी घेऊन, दोरी धरून खाली जायचं आणि एका हातानं दगड चाचपत यायचं. वर दोरीचं दुसरं टोक सासूबाईंच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर ओढा. पंधरा मिनिटं त्या कुणाशी बोलत नाहीत, पापणीही हलवत नाहीत. दोरीतून नवऱ्याचा श्वास ऐकतात म्हणे. मला ते खरं वाटतं.

उस्ताद वर आले, तोंडावरचं पाणी निपटून म्हणाले, “भक्कम.” सतरा वर्षं ते हाच शब्द घेऊन वर येत होते.

सून मात्र खांबाकडे बघत होती. खांबाला चारी बाजूंनी चार कड्या. तीन गंजलेल्या, शेवाळानं मढलेल्या. चौथी चकचकीत, घासलेल्या भांड्यासारखी.

“दोरी नेहमी हिलाच बांधतात?” तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

“नेहमी. आजोबांपासून.”

“का?”

“इथं नाव नीट लागते गं. पलीकडे ओढ आहे पाण्याला.”

तिनं त्या चारी कड्या पुन्हा एकदा नजरेनं मोजल्या. मी पिशवीत, तिच्या मांडीवर होते. थोड्या वेळानं माझ्या काचेतही उजेड पडला. सतरा वर्षं एकच कडी. म्हणजे सतरा वर्षं एकच दोरी, एकच वाट, हाताला लागणारे तेच पंधरा-वीस दगड. इकडच्या तोंडाला हात लावून सगळा खांब भक्कम ठरत होता. उरलेल्या तीन बाजूंचं कुणी नावही घेतलं नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

परतताना नवऱ्यानं आणखी एक बातमी दिली. दुसऱ्या रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून सोमवारपासून मालाचे जड ट्रक या पुलावरून सोडणार होते. शनिवारी चार वाजता पुलाच्या कचेरीतून माणूस येणार, उस्तादांची सही घेणार. “कचेरीत बाबांच्या शब्दाला मान आहे. दुसरं कुणी विचारतसुद्धा नाहीत,” तो अभिमानानं म्हणाला. सुनेनं पिशवीत हात घालून मला घट्ट धरलं. कुणीतरी इतकं घाबरून आपल्याला धरावं, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात शिरल्या आणि किंचाळल्या.

पाण्यानं भरलेल्या मोठ्या पिंपात सून दूध ओतत होती.

“अगं, अगं! ते चहाचं दूध!”

“अर्धा कपच, आई. बदली आणून ठेवते.”

“बदली? अगं पण का? तुला बरं वाटत नाही का?”

सुनेनं त्यांना बाजूच्या पाटावर बसवलं आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्या हातात दिला. पिंपाच्या तळाशी तिनं काहीतरी टाकलं होतं. कॅमेरा पाण्यात, त्याच्या कानाला चिकटलेली मी. मला लावलं. पडद्यावर तेच माझं जुनं दुखणं: पांढरं.

“हेच तर दिसतं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तर फळीवर टाकली तिला.”

सुनेनं पट्टीचा स्क्रू फिरवला. मला कॅमेऱ्यापासून सोडवलं, खिडकीच्या पडद्याच्या जुन्या दांडीला सुतळीनं बांधलं, हातभर लांब नेलं आणि बाजूनं पाण्यात धरलं. बटण तेच. जोर उलट कमी केला.

पडद्यावर चमचा दिसला. दांड्यावरच्या नक्षीसकट.

सासूबाई पुढे वाकल्या. “हा तर चमचा!”

“हो.”

“मग मगाशी कुठं होता?”

“तिथंच.”

माझी अवस्था काय सांगू? सून सासूबाईंना सांगत होती, आणि मी ऐकत होते: गढूळ पाण्यात लाखो बारीक कण असतात. बत्ती कॅमेऱ्याच्या शेजारी असली की तिचा उजेड आधी समोरच्या कणांवर आदळतो आणि सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात परत येतो. वस्तूकडून येणारा उजेड बिचारा त्या झगमगाटात बुडून जातो. बत्ती जितकी मोठी, तितकं आंधळं.

म्हणजे पाणी एवढं दोषी नव्हतं. मी होते. मी जितक्या जोरानं दाखवायला जात होते, तितकं स्वतःच आड येत होते. जन्मभर ज्याला मी माझा पराक्रम समजले, तोच त्या पांढऱ्या भिंतीचा चुना होता. स्वच्छ पाण्यातल्या त्या माशांनी माझी किती दिशाभूल केली होती!

सासूबाईंनी पिंपात हात घालून चमचा बाहेर काढला. मग म्हणाल्या, “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

सून म्हणाली, “सांगितलं होतं. दुधाचं.”

त्यावर दोघीही हसल्या. सासूबाई पहिल्यांदा, तिच्याबरोबर.

शनिवारी सकाळी सून नवऱ्याला घेऊन खांबाच्या पलीकडच्या बाजूला गेली. सासूबाईंनी उस्तादांना बाजारात अडकवून ठेवायचं कबूल केलं होतं, एवढंच. पाण्याची ओढ इतकी, की नवऱ्यानं आकड्यानं नाव धरून ठेवली आणि तोंडानं सारखी बडबड केली. “दूधवाली, माझे हात निखळले तर तूच भरवशील मला.” तिनं लांब काठी गंजलेल्या कडीला घट्ट बांधून पाण्यात सोडली. काठीच्या खालच्या टोकाला कॅमेरा, आणि आडव्या दांडीवर, हातभर लांब, मी.

काय सांगू, त्या पाण्यात मला पहिल्यांदा दगड दिसला. माझ्या उजेडात, मला. शेवाळ, दगडांमधला चुना, एक गोगलगाय. एकेका जागी तिनं चाळीस-चाळीस चित्रं घेतली आणि मग काठी वीतभर खाली सोडली. दगडांच्या ओळी मोजत मी उतरत होते. सात, आठ, नऊ.

दहावी ओळ नव्हती.

मला वाटलं, मी विझले. दगड असायला हवा तिथं काळं होतं. माझा उजेड त्या काळ्यात शिरला आणि परत आला नाही. तसा अनुभव मला कधी आला नव्हता. उजेड नेहमी कशाला तरी लागून परत येतो; तो येईपर्यंत मी श्वास धरून असते. आज मी धरूनच राहिले. आणि मग माझ्या शेजारून एक मोठा मासा आला, शेपटी हलवत, आरामात, आणि खांबाच्या आत निघून गेला. जसं कुणी आपल्या घरात जातं.

वर नावेत पडदा बघणाऱ्या नवऱ्याची बडबड बंद पडली.

घरी येऊन सून संगणकापुढे बसली. चाळीस चित्रं तिनं एकावर एक ठेवली. नवऱ्याला म्हणाली, “चिखलाचे कण हलतात. दगड हलत नाही. हलतं ते पुसून टाकायचं.” पाणी हळूहळू निवळत गेलं, म्हणजे चित्रातलं. नऊ ओळी दगड, आणि त्यांच्या खाली दोन माणसं शेजारी शेजारी आत जातील एवढं भगदाड. पुलाचा तिसरा खांब, ज्याच्यावरून त्या क्षणीही बस चालली असेल, पलीकडून पोकळ होता.

पावणेचारला टेबलाशी सगळे जमले. उस्तादांसमोर कचेरीचा कागद, शेजारी ती दोन चित्रं: एक निवळलेलं, दुसरं मासा असलेलं, तसंच गढूळ. चित्रं उडू नयेत म्हणून मला त्या चित्रांवर ठेवलं होतं. इतक्या जवळून उस्तादांचा हात मी कधी पाहिला नव्हता. बोटांची टोकं दगडासारखीच झाली होती.

“सावली आहे,” उस्ताद म्हणाले.

“बाबा, मी स्वतः होतो तिथं,” मुलगा म्हणाला.

“तू नावेत होतास. मी खाली असतो. सतरा वर्षं असतो.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. “माझा हात खोटं बोलतो का?”

सासूबाईंनी दोरी धरावी तशी साडीची कड मुठीत धरली होती. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. उस्तादांनी पेनाचं टोपण काढलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मला बटण होतं, आवाज नव्हता.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. कचेरीचा माणूस त्या दिवशी सही न घेताच परत गेला. दुसऱ्या दिवशी दोरी पलीकडच्या कडीला बांधली गेली. उस्तादच उतरले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकही झटका नाही. सासूबाईंनी दोरीचा एक वेढा मनगटाला घेतला. मग एकच झटका आला, आणि बऱ्याच वेळानं तीन. वर आल्यावर उस्ताद नावेच्या तळाशी बसून राहिले. “खोली आहे,” ते म्हणाले. “आत खोली आहे. मी उभा राहिलो तिच्यात.” मग आपला तळहात उलटा-सुलटा करून बघत राहिले, दुसऱ्याचा असल्यासारखा. त्याच संध्याकाळी, रविवार असूनही कचेरी उघडायला लावून, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. आता पुलाच्या दोन्ही टोकांना अडसर आहेत, आणि तिसऱ्या खांबाच्या पोटात काँक्रीट भरणं चालू आहे.

मी अजून त्याच दांडीवर असते. सुतळी जाऊन छान पितळी चाप आलाय. चारी कड्या आता सारख्याच चकचकीत होऊ लागल्यात. उस्ताद कधी कधी मला उचलतात, काहीच न बोलता पुसतात आणि ठेवून देतात. माणसांकडे माझं एकच मागणं आहे: मला लावाल तेव्हा डोळ्याला चिकटवून लावू नका. जरा लांब धरा, बाजूला धरा, आणि माझ्या झगमगाटावर फार विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता, म्हणून सांगते.

पण हे सगळं झालं ते त्या शनिवारी टेबलाशी कुणीतरी बोललं म्हणून. पेन कागदाला टेकणार, एवढ्यात सुनेनं मला त्या चित्रांवरून उचलून बाजूला ठेवलं. गढूळ चित्र उस्तादांच्या हाताखाली सरकवलं आणि त्यातल्या माशावर बोट ठेवलं. अर्धा मासा बाहेर होता, अर्धा खांबात. मग ती बोलली, तो चार महिन्यांत त्या घरानं ऐकला नव्हता असा स्वच्छ, मोठा आवाज होता. सासूबाई दचकून तिच्याकडे बघतच राहिल्या.

“बाबा, पेनाला टोपण लावा. तुमचा हात खोटं बोलत नाही, पण आपण त्याला सतरा वर्षं एकाच बाजूला पाठवतोय. आणि हे बघा, सावलीच्या आत मासा शिरत नाही.”